दुसरी शर्यत रद्द

मी, दत्तोपंत माधव चौसाळकर, वय पंच्याहत्तर पूर्ण, निवृत्त मराठी शिक्षक आणि तीस वर्षं नाथसागर वल्हे मंडळाचा मार्गदर्शक, राहणार एन-सात, सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणाचा दाब नाही, कुणी भुलवलेलं नाही. लाज मात्र आहे. लाजेला कायद्यात दाब म्हणत नाहीत, असं वकिलांनी सांगितलं, म्हणून लिहायला बसलो. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र यानं रद्द समजावं. त्यात फक्त मालमत्ता होती.

कलम १. राहतं घर, खाली तीन खोल्या व वर गच्ची, माझ्या पश्चात पत्नी सौ. अनसूया हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला कुणी 'आता इकडं ये, तिकडं ये' म्हणून हलवू नये. तिच्यानंतर मुलगा चि. शंतनू (पुण्यात सरकारी नोकरीत) आणि मुलगी सौ. मनस्विनी (नाशिकला शिक्षिका) यांना निम्मं-निम्मं.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि पेन्शनची उरलेली शिल्लक पूर्णपणे अनसूयेची. तिनं माझ्यासोबत तीस वर्षं पहाटे साडेचारला उठून डबे केले, तेही माझ्या एकट्याचे नव्हेत. पैठणच्या धरणावर जाणाऱ्या आठ-दहा पोरांच्या भाकऱ्या तिनं थापल्या. 'या दुष्काळी मुलखात होड्या कसल्या चालवता? टँकरमध्ये?' असं तिच्या माहेरचे हसायचे. ती हसली नाही. तिचं ऋण ठेवीनं फिटत नाही, पण कायद्यात याहून वेगळं काही देता येत नाही.

कलम ३. माझी पुस्तकं, म्हणजे मुख्यतः कवितांची, मनस्विनीनं न्यावीत. जुन्या क्रमिक पुस्तकांचा गठ्ठा गच्चीवरच्या पेटीत आहे. त्यांच्या कडा कुरतडलेल्या आहेत, तरी टाकू नयेत. मी वल्हवायला शिकलो कॉलेजात, एन.सी.सी.च्या शिबिरात. पण शिकवायला शिकलो तो या क्रमिक पुस्तकांवरून. चार पोरांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडायची तर शिट्टी उपयोगाची नाही, चाल लागते. म्हणून मी भुजंगप्रयात वृत्तात दोन ओळी रचल्या होत्या आणि पोरं त्या म्हणत म्हणत वल्हवायची:

पुढे वाक, मागे पुन्हा, थांब थोडे,
जळाला न मारी, जळाला न तोडे.

कविता म्हणून सुमार आहे, मला ठाऊक आहे. पण सकाळी धुकं असायचं, पाणी आरशासारखं पडलेलं असायचं, आणि देवगाव रंगारीची, वैजापूरची, इथल्या गल्ल्यांमधली पोरं एका सुरात 'थांब थोडे' म्हणायची तेव्हा वल्ही हवेत खरोखर थांबायची. त्या अर्ध्या क्षणात बोट नुसती सरकत असते. आयुष्यात मला त्याहून सुंदर काही दिसलं नाही. या कामात मला यश आलं. मंडळाच्या सतरा मुलांनी राष्ट्रीय पदकं आणली. लोक मला रस्त्यात थांबवून पाया पडत. हे सगळं खरं आहे. पुढचंही खरं आहे.

कलम ४. माझा हातातला पत्र्याचा भोंगा, ज्यातून मी काठावरून ओरडत असे, श्री. अप्पाराव शेळके, निवृत्त व्यायाम शिक्षक, यांना द्यावा. अप्पारावांना स्वतःचा आवाज ऐकायला फार आवडतो, त्यांची सोय होईल, असं मी हे कलम पहिल्यांदा लिहिलं तेव्हा गमतीनं लिहिलं होतं. अप्पारावांशी माझा वीस वर्षं अबोला आहे. प्रत्येक सत्कारात ते 'चौसाळकरांना पाण्यात मी उतरवलं' असं सांगत म्हणून मी बोलणं टाकलं, अशी समजूत मी सगळ्या गावाची करून दिली आहे. ते खोटं आहे. अबोल्याचं कारण एवढंच की, एका सकाळी धक्क्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता.

कलम ५. माझं राज्य पुरस्काराचं मानपत्र आणि चांदीचं वल्हं, दिवाणखान्यात टीव्हीच्या वर लावलेलं, ज्या खात्यानं दिलं त्यांना परत पाठवावं. सोबत या कलमाची नक्कल जोडावी. कारण असं:

सन २००५, जानेवारीचा शेवटचा रविवार. राष्ट्रीय स्पर्धेसाठी चौघांची बोट निवडायची होती. तीन मुलं ठरलेली होती, चौथ्या जागेसाठी दोघं उरले. एक माझा शंतनू. दुसरा सांडू मोतीराम गव्हाणे, देवगाव रंगारीचा, आठवीपासून आमच्या वसतिगृहात राहिलेला. हात असे की वल्हं त्यात काडीसारखं दिसे.

अशा वेळी चाचणी घेतात ती अशी. चौघांच्या दोन बोटी सोडायच्या. एकीत शंतनू, दुसरीत सांडू. कोण किती अंतरानं जिंकलं ते बघायचं. मग धक्क्यावर येऊन फक्त त्या दोघांची अदलाबदल करायची, बाकीचे सहा जागचे हलत नाहीत, आणि पुन्हा शर्यत. ज्याच्या येण्यानं बोट पळते तो निवडायचा. यात लबाडीला जागा नसते, असं मी स्वतः पोरांना शिकवत असे.

पहिल्या शर्यतीत सांडूची बोट सव्वा बोटीच्या लांबीनं पुढं आली.

आमच्याकडं सरावाची एक पद्धत होती. जोरकस बोटीच्या पोटाला दोरी बांधायची. दोरी पाणी अडवते, बोट जड होते, पोरांचा दम वाढतो. सराव संपला की दोरी सोडायची. दुसऱ्या शर्यतीआधी पोरं जागा बदलत होती, तेव्हा मी धक्क्यावर वाकलो आणि सांडू ज्या बोटीत बसत होता तिच्या पोटाला, पुढच्या टोकाकडं म्हणजे नाकापाशी, ती दोरी बांधली. वल्हवणाऱ्याची पाठ बोटीच्या नाकाकडं असते. चौघांपैकी कुणाला ती दिसणार नव्हती. गाठ मारायला मला फार तर चार श्वास लागले.

अप्पाराव काठावर चहा पीत उभे होते. म्हणाले, "चौसाळकर, कालची दोरी सोडली ना?"

"कसली दोरी?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कप विसळला आणि निघून गेले. तो आमचा शेवटचा संवाद.

सांडूची बोट दोन लांबी मागं पडली. आत बसलेली पोरं कुरकुरली, "सर, बोट लई जड लागली." त्यावर मी भोंग्यातून म्हणालो, "बोट जड नव्हती, सांडू जड होता!" सगळे हसले. सांडूपण हसला. 'जड' हे नाव त्याला चिकटलं. बोट बाहेर काढायच्या आधी, 'नाकाला शेवाळ अडकलंय' असं म्हणून मी पाण्यात हात घातला आणि दोरी सोडून घेतली.

मंडळाची एक रीत मीच घालून दिली होती. चाचणीच्या निकालाच्या कागदावर जिंकणाऱ्याची सही लागत नाही. हरणाऱ्यानं सही करायची, म्हणजे मागाहून कुरबूर राहत नाही. सांडूनं सही केली. तो कागद माझ्याकडं आहे.

शंतनू राष्ट्रीयला गेला, सुवर्णपदक आणलं, त्यावर नोकरी लागली. पुढच्या वर्षी मला पुरस्कार मिळाला. सांडू धरणावर परत आला नाही.

असं का केलं, याचं उत्तर मी वीस वर्षं सजवत आलो. 'सांडूकडं दहा एकर आहे, आपल्या पोराकडं काय आहे?' असं मनाशी म्हणायचो. ती दहा एकर कोरडवाहू होती आणि तीन भावांत होती, हे मला माहीत होतं. आमच्या घरात पिढ्यानुपिढ्या लेखणी, त्यामुळं मातीवाल्याचं पोटापाण्याचं आपोआप भागतं असं आम्ही धरून चालतो. पण खरं कारण याहून हलकं आहे. चाचणीच्या आधीच मी विजयाची कविता रचून ठेवली होती. त्यात शंतनूचं नाव होतं. सत्काराच्या दिवशी ती मी टाळ्यांच्या गजरात म्हटली. लिहितानासुद्धा कान तापले आहेत.

कलम ६. माझी स्वतःची एकट्यानं वल्हवायची लाकडी बोट, वल्ह्यांच्या जोडीसह, श्री. सांडू मोतीराम गव्हाणे यांना द्यावी. कलम ५ त्यांना माझ्या मृत्यूनंतर वाचून दाखवावं.

इथपर्यंत मी दहा जानेवारीला लिहिलं. यापुढचा मजकूर त्यानंतरचा आहे आणि त्यामुळं वरचा काही मजकूर बदलतो.

बोट ठेवायला सांडूकडं जागा आहे का, एवढंच विचारायला मी फोन केला होता. तो अकरा तारखेला स्वतःच आला, वैजापूरच्या यार्डात कांदा उतरवून, पिकअप घेऊन. आता त्याचा हाच धंदा आहे. एक्केचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला. दारातच वाकून पाया पडला. मला पाय मागं घ्यायला सुचलं नाही.

"लई वाळले सर तुम्ही. काकू जेवू घालीत नाय व्हय?"

अनसूया आतून म्हणाली, "तुझ्यासारखी दहा भाकरींची भूक आता कुणाला आहे रे?"

"व्हय, म्हणून तर जड झालो!" तो हसला. वीस वर्षांनी त्यानं ते नाव स्वतःच स्वतःला लावलं.

मग तो बोटीबद्दल बोलू लागला. "बोट घेऊन काय करू सर? देवगावात कांदा वाहू तिच्यात? आन् आता मला झेपणार बी नाय. तवा बी झेपलं नाय. चूक माझीच व्हती. आदल्या दिशी सोनियाचं लग्न. बहिणीच्या वरातीत रातभर नाचलो. पायात गोळेच आले व्हते. दर राखीला तिला म्हणतो, तुझ्या वरातीनं माझी नोकरी खाल्ली. ती रडती, मंग मी हसतो."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या त्या गाठीसाठी तो वीस वर्षं आपल्या पायांना दोष देत होता आणि दर राखीपौर्णिमेला एक बाई रडत होती.

मी कपाटातून हे कागद काढले आणि कलम पाच त्याच्या हातात दिलं. वाचून दाखवायचा धीर झाला नाही. त्यानं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. दोनदा वाचलं.

"दोरी," तो म्हणाला.

"हो."

"आन् हे मला तुम्ही मेल्यावर कळणार व्हतं?"

"हो."

"मेल्यावर! मंग म्या भांडायचं कुणासंग? फोटूसंग? हाराचा फोटू पुढं ठेवून शिव्या द्यायच्या व्हय?"

मी माफ कर म्हणालो. त्यानं ते न ऐकल्यासारखं केलं. अनसूया चहा घेऊन दारात थांबली होती.

"शंतनूला ठाव हाय?"

"नाही."

"मंग त्याला सांगा. जितेपणी सांगा. बोट नको, चांदीचं वल्हं नको, काय बी नको. निकाल दुरुस्त करा. आन् रीत तुमचीच व्हती सर: हरणाऱ्याची सही पायजे. म्या केली व्हती. आता ज्याची हाय त्याची घ्या."

"तो करेल का मला माहीत नाही, सांडू."

"ते मला बी नाय माहीत. पर तुम्ही पोराला काय शिकिवलं ते तवा कळंल."

चहा न घेताच तो उठला. फाटकापाशी गेल्यावर त्यानं फोन लावला. खिडकी उघडी होती. "सोने, कामात हाईस का? ऐक. तुझ्या वरातीनं नव्हतो हारलो. नाय, पिलेलो नाय. ऐक तर... आगं रडती काय, ऐक की!" मग तो पिकअपच्या पलीकडं गेला, पुढचं ऐकू आलं नाही. त्यानं मला क्षमा केलेली नाही. तसं कुणी या कागदावरून समजू नये.

शंतनू काल, सतरा तारखेला आला. फोनवर मी कारण सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्याला वाटलं माझी तब्येत. जेवणाच्या टेबलावर मी कागद ठेवले आणि समोर बसलो. वर्गात पोरं पेपर लिहीत असताना मी बसायचो तसा, पण या वेळी पेपर माझा होता.

वाचून झाल्यावर त्यानं आधी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला गेल्या रविवारी कळलं. दारात उभी होते म्हणून," अनसूया म्हणाली. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बाबा, यातलं माझं किती होतं?"

मी म्हणालो, पदक तुझ्या घामाचं आहे, राष्ट्रीयला दोरी नव्हती.

"राष्ट्रीयला सांडूपण नव्हता." मग कागद माझ्याकडं सरकवून तो म्हणाला, "माझ्या मुलाला मी सांगतो, आजोबांनी मला काही फुकट दिलं नाही, चाचणी देऊन घेतलं. दर वेळी सांगतो. अभिमानानं. आता काय सांगू? तुम्ही सर ना, सांगा."

आयुष्यभर ज्याच्या त्याच्यावर ओळी फेकल्या, त्या वेळी एक ओळ हाताशी आली नाही, आणि नाही आली तेच बरं झालं.

सांडूची अट मी त्याला सांगितली. सही केली नाहीस तरी मी समजून घेईन, असंही म्हणालो. तो ताडकन म्हणाला, "तुम्ही समजून घेऊ नका. तुम्ही पुष्कळ समजून घेतलंत माझ्या वतीनं." आणि गच्चीवर निघून गेला. संध्याकाळपर्यंत खाली आला नाही. अनसूयेनं वर ताट नेलं, ते तसंच परत आणलं.

आज सकाळी त्यानं स्वतःच वकिलांना फोन लावला आणि याच मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाला. वकील म्हणाले, ज्याला मालमत्ता मिळणार त्यानंच साक्षीदार होऊ नये, उगाच पुढं वाद निघतात. शंतनू म्हणाला, "मग माझं नाव घरातून काढा." मी म्हणालो, निकालावर वेगळ्या कागदावर सही कर, घर कशाला सोडतोस? "वेगळा कागद तुम्ही कपाटात ठेवाल," तो म्हणाला. त्यानं हे रागानं केलं की लाजेनं, हे मी विचारलेलं नाही. विचारण्याचा हक्क माझा राहिलेला नाही.

त्यानुसार खालीलप्रमाणे बदल करतो.

कलम १ मधून चि. शंतनूचं नाव त्याच्याच सांगण्यावरून कमी केलं आहे. अनसूयेनंतर संपूर्ण घर सौ. मनस्विनीचं. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला अर्धंच पुरेल, दादाचं दादाला देईन." ते तिनं तिच्या मनानं ठरवावं.

कलम ४ मधला भोंगा मृत्यूनंतर द्यायचा नाही. तो मी उद्या स्वतः अप्पारावांच्या घरी घेऊन जाणार आहे आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. ते दार उघडतील की नाही, सांगता येत नाही.

कलम ५ मधलं मानपत्र व चांदीचं वल्हंसुद्धा या आठवड्यातच परत पाठवायचं आहे. भिंतीवरून काढून झालं आहे.

कलम ६ मधली बोट सांडूनं नाकारली. ती मंडळाला द्यावी. तिच्यावर माझं नाव घालू नये.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला कुणी कविता म्हणू नये. चौकात फ्लेक्स लावू नये. लावलाच तर त्यावर 'गुरुवर्य' हा शब्द नको.

कलम ८. हे शेवटचं कलम मालमत्तेचं नाही. नाथसागर वल्हे मंडळाच्या, जानेवारी २००५ च्या शेवटच्या रविवारी घेतलेल्या चाचणीचा निकाल मी, तत्कालीन मार्गदर्शक, या लेखानं दुरुस्त करतो. दुसरी शर्यत मार्गदर्शकाच्या लबाडीमुळं रद्द. पहिली शर्यत ग्राह्य. चौथ्या जागेसाठी निवड: सांडू मोतीराम गव्हाणे. या कलमाची नक्कल सांडूला व त्याच्या बहिणीला द्यावी आणि मंडळाच्या फलकावर लावावी, माझ्या मरणाची वाट न पाहता.

हे सर्व मी वाचून, समजून, खाडाखोडीवर सह्या करून लिहिलं आहे.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ जानेवारी २०२६, रविवार

लिहून ठेवणार:
(सही) दत्तोपंत माधव चौसाळकर

आमच्या समक्ष वरील गृहस्थांनी पूर्ण शुद्धीत सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली.

साक्षीदार:

(सही) काकासाहेब रामराव बनसोड, शेजारी. मजकूर वाचला नाही, सही होताना पाहिली. चौसाळकर सर रडत होते, पण शुद्धीत होते.

(सही) शंतनू दत्तोपंत चौसाळकर. मजकूर पूर्ण वाचला. चाचणीत हरलेला.